एका फर्म्याची पुस्तिका : वेंगुर्ल्याच्या एका जुन्या छापखान्याचा अनुभव

आमच्या वाडीत गणपतीच्या दिवसांत घरोघरी भजन होते आणि तिसऱ्या-चौथ्या घरी पोहोचेपर्यंत आरत्यांची झेरॉक्स पाने पावसाने भिजून किंवा समईच्या तेलाने माखून निकामी होतात. या वर्षी वाडीने वर्गणी काढून आरत्या, मंत्रपुष्पांजली आणि अखेरीस घातले जाणारे गाऱ्हाणे (देवाला घातलेले साकडे) यांची एक छोटी पुस्तिका छापून घ्यायचे ठरवले आणि ते काम माझ्यावर सोपवले. मी ते वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतील एका जुन्या छापखान्यात करून घेतले. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. पण तिथे पहिल्याच दिवशी कानावर पडलेल्या ‘फर्मा’ या शब्दाला बाजूला ठेवून ते लिहिता येणार नाही, कारण त्या छापखान्याचे सगळे गुण आणि थोडेफार दोषही मला त्या शब्दामुळेच कळले.

दुकानाच्या पुढच्या खोलीत संगणक आणि एक मिनी ऑफसेट यंत्र आहे. मागच्या खोलीत पायाने चालवायचे म्हणून ‘ट्रेडल’ हे नाव मिळालेले आणि आता मोटर बसवलेले जुने यंत्र आहे, आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसी (खणाखणांच्या पेट्या) आहेत. हल्ली बहुतेक छपाई ऑफसेटवर होते आणि ट्रेडलवर पावतीपुस्तकांचे क्रमांक, फाडण्यासाठीची छिद्रांची रेघ, पत्रिकांवरची नावे अशी कामे निघतात. मालक सत्तरीच्या आसपासचे आहेत आणि सगळे त्यांना काका म्हणतात. मी १९ पानांचा मजकूर त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्यांनी कागद कोणता, रंग किती, प्रती किती यांपैकी काहीही न विचारता पहिला प्रश्न केला, “किती फर्म्यांचा पुस्तक?” मला उत्तर देता आले नाही. ते पाने चाळत म्हणाले, “ह्यां एका फर्म्यात बसवूक होया, नायतर कोरी पानां रवतली.”

फर्मा म्हणजे काय, हे मराठीत पुस्तकांशी संबंध आलेल्या माणसाला ढोबळमानाने माहीत असते. दहा फर्म्यांचे पुस्तक म्हटले की साधारण १६० पाने, एवढा हिशेब आपण करतो. पण १६ हाच आकडा का, याचा विचार मी कधी केला नव्हता. काकांनी तो माझ्याकडून करून घेतला. त्यांनी एक कोरा ताव दिला आणि तीन वेळा मधोमध घडी घालायला लावली. पहिल्या घडीला दोन पत्रे (कागदाचे थर), दुसरीला चार, तिसरीला आठ होतात. प्रत्येक पत्राच्या दोन बाजू धरल्या की सोळा पृष्ठे होतात. घडी न कापता कोपरे उचलून त्यांनी मला पृष्ठांवर १ ते १६ असे क्रमांक टाकायला सांगितले आणि मग ताव पुन्हा पूर्ण उलगडला. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ हे क्रमांक आले होते, उरलेले आठ पाठीमागे होते आणि अर्धे आकडे उलट्या डोक्याचे होते. पहिल्याच्या शेजारी सोळावे, चौथ्याच्या शेजारी तेरावे, आठव्याच्या शेजारी नववे. ज्या घडीवर पुस्तिकेला पिना मारल्या जातात तिच्या दोन्ही अंगांच्या पृष्ठांची बेरीज दर वेळी १७ येते, आणि छापण्यापूर्वी पृष्ठे बरोबर मांडली आहेत की नाही हे तपासण्याची त्यांची हीच रीत आहे. हा तपास त्यांनी माझ्या पुस्तिकेसाठीही माझ्यादेखत केला.

आता या शब्दाचा मूळ अर्थ. आज आपण घडी घातलेल्या सोळा पृष्ठांना फर्मा म्हणतो, पण छापखान्यात त्याआधीचा अर्थ वेगळा आणि अधिक वजनदार आहे. जुळाऱ्याने स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या छोट्या पट्टीत, एकेक खिळा लावून ओळी केल्या, त्या गॅली नावाच्या लांब तबकावर उतरवल्या, प्रूफ तपासून झाले, की ती पृष्ठे एका लोखंडी चौकटीत मांडतात. मोकळ्या जागेत लाकडाचे ठोकळे आणि शिशाच्या पट्ट्या भरतात आणि कडेने पाचरी आवळून सगळे इतके घट्ट करतात की शेकडो सुटे खिळे मिळून एकच धातूचा तुकडा व्हावा. ही आवळलेली चौकट म्हणजे फर्मा. तोच यंत्रावर चढतो, त्यालाच शाई लागते आणि त्याचाच ठसा कागदावर उठतो. पुढे एका तावावर जेवढा मजकूर छापून निघतो त्या तावालाही तेच नाव चिकटले आणि आता खिळे गेले तरी ऑफसेटवाले व प्रकाशक ते नाव कायम वापरत आहेत. चौकटीचे नाव कागदाला मिळाले आणि चौकट अडगळीत गेल्यावरही कागदाने ते सोडले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजी छापखान्यांबरोबर आला. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘फॉर्म’ असाच आहे. फक्त छापखान्यातला हा शब्द लिहिताना ब्रिटिश लोक शेवटी एक जास्तीचे अक्षर लावतात, जे त्याच्या फ्रेंच रूपातून आले आहे. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधील ‘फोर्मा’वरून आला आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थ आकार, घडण, साचा असा आहे. म्हणजे आपण तहसील कचेरीत भरतो तो फॉर्म आणि छापखान्यातला फर्मा ही सख्खी भावंडे आहेत. गणितातला फॉर्म्युला हेही त्याच घरचे मूल असून त्याचा शब्दशः अर्थ ‘लहान आकार’ असा होतो. इतकेच काय, फ्रेंच आणि इटालियन भाषांत चीजला जे शब्द आहेत तेही याच ‘फोर्मा’पासून झाले, कारण ते साच्यात घालून आकाराला आणतात. मराठीने मात्र या शब्दाला आपल्या वळणावर आणले. ज्या भाषेने बॉटलची बाटली आणि लॉर्डचा लाटसाहेब केला, तिने फॉर्मला आकारान्त पुल्लिंगी करून फर्मा केले, त्याचे अनेकवचन फर्मे झाले आणि सामान्यरूप ‘फर्म्या-’. आमच्या मालवणीत तर घोड्याचा घोडो होतो तसा त्याचा ‘फर्मो’ होतो, आणि काका तो तसाच उच्चारतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो, कारण तो माझ्या मनातही होता. फर्मा आणि फर्मान हे शब्द कानाला जवळचे वाटतात आणि ‘राजाचे फर्मान छापले जाई म्हणून फर्मा’ असे काही तरी मनात सहज जुळून येते. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. फर्मान फारसीतून आले आहे. आपले ‘फर्मावणे’ हे क्रियापदही त्याच कुळातले. छापखान्यात फारसी शब्द शोधायचाच असेल तर तो कागदाच्या मोजणीत सापडतो. २४ तावांचा दस्ता म्हणजे मूळ फारसीत एका हातात मावेल एवढी मूठ किंवा गड्डी, आणि पूर्वी ४८० व आता ५०० तावांचे जे रीम आपण इंग्रजी समजतो ते मुळात अरबी ‘रिझ्मा’ म्हणजे गठ्ठा. तो शब्द स्पॅनिश आणि फ्रेंच मार्गाने इंग्रजीत गेला. काकांच्या दुकानात एका वाक्यात फर्मा, दस्ता आणि रीम हे तिन्ही शब्द येतात आणि कोणालाही ते परके वाटत नाहीत.

माझे १९ पानांचे त्रांगडे काकांनी कसे सोडवले ते सांगतो, कारण या छापखान्याची खरी किंमत त्यात आहे. एकोणीस पाने छापायची म्हणजे दुसरा फर्मा आला, निदान अर्धा तरी. त्यासाठी जास्तीचा कागद, जास्तीच्या प्लेटा, जास्तीची घडी आणि शेवटी कोरी पाने. दुसऱ्या एका ठिकाणी मी आधी चौकशी केली होती, तिथे मला सरळ २४ पानांचा दर सांगण्यात आला होता आणि उरलेल्या पाच पानांवर जाहिराती घ्या असा सल्ला मिळाला होता. आरतीच्या पुस्तिकेत जाहिराती हव्यात की नकोत हा वाडीचा प्रश्न आहे, पण पुस्तिका तेवढी मोठी करायची गरजच नव्हती. काकांनी दोन पृष्ठांचा मजकूर मुखपृष्ठाच्या आणि मलपृष्ठाच्या आतील बाजूंवर घेतला, कडव्यांमधील जागा थोडी आवळून आणखी एक पृष्ठ वाचवले आणि आतला सगळा मजकूर बरोबर एका फर्म्यात बसवला. अक्षराचा आकार त्यांनी कमी केला नाही. समईच्या उजेडात म्हाताऱ्या माणसांना वाचायचे आहे हे त्यांनी स्वतःहून लक्षात घेतले, आणि मला ते सांगावेही लागले नाही.

ऑफसेटचे हे यंत्र लहान असल्यामुळे त्यावर पूर्ण ताव चढत नाही. आमची सोळा पृष्ठे प्रत्यक्षात चार-चार पृष्ठांच्या तुकड्यांत छापली गेली आणि नंतर एकात एक घालून मधोमध पिना मारल्या गेल्या. म्हणजे काटेकोर अर्थाने तिथे फर्मा नव्हताच. होता तो फर्म्याचा हिशेब. तरीही पाने किती करायची, कागद किती लागेल, कोणते पृष्ठ कोणाच्या शेजारी येईल हे सगळे त्या हिशेबानेच ठरले. ज्याला हा शब्द ठाऊक आहे तो छापणारा ग्राहकाचे पैसे वाचवू शकतो, असा माझा या कामातून झालेला पक्का समज आहे.

मुखपृष्ठावरची अक्षरे खिळ्यांनी जुळवून ट्रेडलवर छापावीत, हा माझा आग्रह होता. काकांनी तो आनंदाने मान्य केला, पण वेळ जास्त लागेल असे आधीच बजावले. मुंबईच्या वळणाच्या जुन्या देवनागरी जुळणीत, जिला छापखान्यात ‘डिग्री’ म्हणतात, अक्षर मधल्या थरात बसते आणि वरच्या मात्रा-वेलांट्या व खालचे उकार वेगळ्या तुकड्यांनी वरखाली लावावे लागतात. एका ओळीसाठी प्रत्यक्षात तीन ओळी जुळवाव्या लागतात, असे म्हटले तरी चालेल. या व्यापाला कंटाळून देवनागरीचे खिळे कमी करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’च्या निमित्ताने यात लक्ष घातले होते. त्याच्याही फार आधी, आमच्या शेजारच्या गोव्यात, हीच अडचण आली होती. गोव्यात १५५६ साली छापखाना आला आणि १६१६ साली रायतूर येथे फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले, पण ते रोमन लिपीत. कारण युरोपातील दोन डझन अक्षरांच्या जागी येथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील, हे त्यांना अशक्यप्राय वाटले होते. मराठी भाषेचे एवढे मोठे काव्य मराठी लिपीवाचून छापले गेले ते खिळ्यांच्या या संख्येमुळे. काकांच्या केसींसमोर उभे राहिल्यावर ते कारण डोळ्यांना दिसते. एका केशीत घरांची दाटी, त्यातही जोडाक्षरांची स्वतंत्र घरे, आणि काकांचा हात न बघता बरोबर घरात जातो.

आमच्या शीर्षकात ‘गाऱ्हाणे’ हा शब्द होता आणि त्यातला ऱ् त्या आकाराच्या केशीत मिळेना. हा मराठीचा खास खिळा आहे. त्याच्यावाचून ‘गाऱ्हाणे’ही होत नाही, ‘दऱ्या’ही होत नाहीत आणि ‘तऱ्हा’ही होत नाही. रफार देऊन भागवू, असे त्यांचा मदतनीस म्हणाला. काकांनी ते साफ नाकारले, अर्धा तास खाली बसून जुने खण उपसले आणि झिजलेल्या कडेचा एक खिळा शोधून काढला. छापील मुखपृष्ठावर ते अक्षर शेजारच्या अक्षरांपेक्षा किंचित फिके उठले आहे. मला त्याची खंत वाटत नाही. चुकीचे अक्षर ठसठशीत उठण्यापेक्षा बरोबर अक्षर फिके उठणे मी केव्हाही पसंत करीन.

फर्मा आवळून झाल्यावर काकांनी चौकट एका कडेने जरा उचलून धरली आणि मला म्हणाले, “हो फर्मो हलता काय बघा.” मी बोटाने अक्षरे दाबून पाहिली. एकही खिळा हलला नाही, एकही निसटून खाली पडला नाही. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे ते तुकडे. प्रत्येकाची उंची एकच, ०.९१८ इंच, कारण एखादा जरी बुटका निघाला तरी त्याचा ठसा उठणार नाही आणि उंच निघाला तर कागद फाडील. त्या क्षणी लॅटिनमधला ‘साचा’ हा अर्थ मला खऱ्या अर्थाने समजला. शब्दकोशात वाचून तो कळला असता, पण बोटाला लागला नसता.

आता उणिवा. पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी उणीव अशी की, खर्चाचा अंदाज लेखी मिळत नाही. तोंडी सांगितलेला आकडा शेवटी पाळला गेला, ५०० प्रतींचा खर्च मुखपृष्ठासह ९,००० रुपयांच्या आत बसला, परंतु वर्गणीचे पैसे खर्च करणाऱ्याला हिशेब दाखवावा लागतो आणि त्यासाठी मला दोनदा पावती मागावी लागली. दुसरी उणीव संगणकावरील जुळणीची आहे. मी फोनवरून पाठवलेला मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना ऱ् सगळीकडे मोडला आणि पहिल्या प्रूफात तीन ठिकाणी ‘गार्हाणे’ असे आले. शिवाय एका आरतीचे एक कडवेच गळले होते. दुसरे प्रूफ निर्दोष होते, पण पहिले प्रूफ छापखान्यात कोणी तरी नजरेखालून घालूनच ग्राहकाला द्यायला हवे होते. मागच्या खोलीत इतक्या निष्ठेने जपले जाणारे अक्षर पुढच्या खोलीत इतक्या सहज हरवते, हे मला रुचले नाही आणि मी ते काकांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले.

तिसरी गोष्ट उशिराची. काम ठरल्या दिवसापेक्षा तीन दिवस उशिरा मिळाले. त्यात पावसाचा वाटा होता, हे मी मान्य करतो. श्रावणातल्या कोकणातल्या हवेत कागद दमट होतो, त्याच्या कडा लाटांसारख्या वळतात, यंत्र एकदम दोन ताव ओढते आणि शाई वाळायला वेळ लागल्याने एका तावाची शाई वरच्या तावाच्या पाठीला लागते. काका कागद प्लास्टिकात गुंडाळून, आत बल्ब लावलेल्या कपाटात ठेवतात आणि छापलेले ताव एकावर एक न रचता थोडे-थोडे पसरून वाळवतात. त्या काळजीमुळे आमच्या ५०० प्रतींपैकी जेमतेम सात-आठ प्रतींवर डाग आला आणि तेवढ्या प्रती त्यांनी न मागता जास्तीच्या दिल्या. मात्र पाऊस दरवर्षी येतो, चतुर्थीही दरवर्षी येते. तेव्हा तारीख देतानाच ते दिवस धरायला हवेत.

बांधणीविषयी फार सांगण्यासारखे नाही. पिना सरळ आहेत, घडी नेमकी मध्यावर आहे, कडा सफाईने कापल्या आहेत.

हा छापखाना कोणासाठी योग्य आहे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. रंगीत छायाचित्रांचे, हजारो प्रतींचे किंवा उद्या सकाळी हवे असलेले काम येथे देऊ नये. त्यासाठी सावंतवाडी किंवा कुडाळला मोठी यंत्रे आहेत. पण देवस्थानाची पुस्तिका, शाळेचा वार्षिक अंक, एखाद्या घराण्याचा कुळवृत्तांत, पावतीपुस्तके, दोन ओळींची साधी पण देखणी लग्नपत्रिका अशा कामांसाठी मी येथेच जाईन. मजकूर नेताना पृष्ठसंख्या आधी सोळाच्या पटीत, नाही जमले तर आठच्या पटीत बसवून न्यावी. न बसल्यास काका बसवून देतातच, पण त्यांचा तेवढा वेळ वाचतो आणि मग तो वेळ ते अक्षरांवर घालवतात. ज्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्राची सुरुवात केली, ते गाव आमच्याच जिल्ह्यात आहे. या जिल्ह्यात खिळ्यांचा फर्मा आवळून देणारा माणूस अजून आहे, याचा मला फार आनंद आहे आणि त्याच्याकडे काम यावे असे मनापासून वाटते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. चतुर्थीसाठी काही छापायचे असेल तर मजकूर आषाढातच द्यावा आणि प्रूफ स्वतः जाऊन, तिथल्या बाकावर बसून तपासावे. फोनवर पाहिलेल्या चित्रावर होकार देऊ नये. आणि आमच्या मुखपृष्ठाचा फर्मा काकांनी अजून सोडलेला नाही. चौकट यंत्रावरून उतरवून, जुळणीभोवती सुतळी आवळून तो त्यांनी फळीवर ठेवला आहे. कार्तिकापर्यंत ठेवीन, मग खिळे धुऊन परत केशीत टाकावे लागतील, कारण तो ऱ् एकच आहे, असे त्यांनी सांगितले आहे. वाडीतल्या किंवा शेजारच्या गावातल्या कोणाला आणखी प्रती हव्या असतील, तर त्यांनी त्याआधी कळवावे.